मॉडेल रेल्वेच्या रुळांतील विद्युत दोषशोधन

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते. ती कुठे तुटते, कुठे कमी पडते किंवा कुठे आडवाटेने निघून जाते हे क्रमाने शोधून काढण्याच्या कामाला विद्युत दोषशोधन म्हणतात. १६.५ मिमी. अंतराच्या रुळांवर चालणारी एचओ (१:८७) आणि ओओ (१:७६) ही मापे सर्वांत प्रचलित असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांना धरून आहे. ९ मिमी.च्या एन गेजलाही तेच नियम लागतात. मात्र तिथे इंजिन फार हलके असल्याने मळाचा त्रास अधिक जाणवतो.

खऱ्या रेल्वेत चाकांच्या आसाने दोन्ही रूळ विजेने जोडले जाणे उपयोगाचे असते. विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये याच जोडणीवरून सिग्नलला कळते, की गाडी त्या भागात आली आहे. दोन-रुळी मॉडेलमध्ये मात्र एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि दोन्हींना स्पर्श करणारी धातूची कोणतीही वस्तू म्हणजे शॉर्ट सर्किट. म्हणून मॉडेलची चाके एकमेकांपासून प्लास्टिकने तोडलेली असतात. हॉर्नबी डब्लोची गाडी १९३८ मध्ये आली ती तीन रुळांची होती आणि १९५९ मध्ये ती दोन रुळांवर आली. जर्मनीच्या मार्कलिनने मधल्या खिळ्यांतून वीज देण्याची पद्धत आजही राखली आहे. तिसरा वाहक असला की दोषांचा एक अख्खा वर्ग नाहीसा होतो, पण रूळ खऱ्यासारखा दिसत नाही. दोन रुळांनी रूप मिळाले आणि दोषशोधनाचे काम वाढले.

गाडी थांबली की पहिला प्रश्न असा : दोष रुळात आहे की इंजिनात? दुसरे इंजिन आणून त्याच जागी चालवावे. सगळी इंजिने एकाच ठिकाणी थांबत असतील, तर दोष रुळात. एकच इंजिन सगळीकडे अडखळत असेल, तर त्याची चाके किंवा चाकांवर टेकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या तपासाव्यात. सगळी इंजिने जागोजाग अडखळत असतील, तर बहुधा मळ. आणि सगळा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेला अख्खा रूळमार्ग, एका क्षणात मेला, तर शॉर्ट. एवढ्या निरीक्षणाने निम्मे काम होते. तरी अनेक जण ते न करताच पक्कड घेऊन रूळ उखडायला लागतात.

सर्वांत फसवा दोष म्हणजे अर्धवट जोड. दोन रुळांना जोडणारी छोटी फिशप्लेट सैल होते, तिच्यात रंग किंवा खडीचा गोंद शिरतो, आणि जोड तुटत नाही पण वीज नीट जाऊही देत नाही. समजा, अशा जोडात १० ओहमचा विरोध आला. त्यापुढे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि विरोध मोजणारे उपकरण, लावला तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. इंजिन ठेवले, त्याने ०.३ अँपियर ओढले, की त्या जोडात ३ व्होल्ट जिरतात आणि इंजिनाला ९च मिळतात. चढावर त्याने जास्त ओढले, तर आणखी कमी. मीटर ‘ठीक’ म्हणतो आणि गाडी रांगते, याचे कारण हेच. म्हणून रुळावरचे व्होल्ट नेहमी लोड, म्हणजे वीज ओढणारी वस्तू, लावूनच मोजावेत. गॅरेजमध्ये मिळणारा स्कूटरचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून रुळांवर टेकवावा आणि तो पेटलेला असतानाच मीटर वाचावा. बल्ब सरकवत नेताना जिथे उजेड एकदम उतरतो, त्याच्या मागचाच जोड दोषी. मॉडेल रेल्वेवाल्याजवळ एकच उपकरण असायचे असेल, तर मल्टिमीटरआधी हा बल्ब असावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

जोडांवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. आजचे बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे आपल्याकडे भांड्यांमुळे परिचित असलेल्या जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि त्याचा विरोध तांब्याच्या साधारण १५ ते २० पट भरतो. त्यामुळे लांब लेआउटला एकाच टोकाकडून वीज दिली, की पलीकडच्या टोकाला गाडी मंदावते. उपाय ठरलेला आहे : टेबलाखालून जाड तांब्याच्या दोन वायरी फिरवायच्या आणि शक्यतो प्रत्येक रुळाच्या तुकड्याला त्यांपासून बारीक वायर सोल्डर करायची.

मळाचे म्हणाल, तर चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि काळा थर साचतो. जुन्या पितळी रुळांवर कळंक चढतो, पोलादी रुळांना गंज येतो. कोकणच्या खारट, दमट हवेत दोन्ही लवकर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती फडका ओला करून रूळ पुसावेत. सँडपेपर लावू नये, त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा धरतो.

शॉर्टचा शोध डोळ्यांनी सुरू होतो. घसरलेला डबा, रुळावर राहिलेला स्क्रूड्रायव्हर, खडीत पडलेला तारेचा तुकडा. काही दिसले नाही, तर सगळी इंजिने आणि दिव्यांचे डबे उतरवावेत, वीजपुरवठा काढावा आणि मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोके विजेने जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर, ठेवावा. इंजिन तसेच राहिले, तर मोटरमधूनच वीज जाते आणि मीटर उगाच वाजतो. मग लेआउट अर्ध्यावर तोडावा; ज्या अर्ध्यात मीटर वाजतो, तो पुन्हा अर्ध्यावर. १६ तुकड्यांतला दोषी तुकडा चार चाचण्यांत सापडतो.

यातही सापडला नाही, तर संशय पॉइंटवर, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्यावर. जिथे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात, त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. फ्रॉग प्लास्टिकचा असेल, तर छोटे इंजिन त्यावर वीज न मिळून अडते. शिवाय रुंद चाक कधी कधी शेजारच्या दोन विरुद्ध रुळांना एकदम टेकते आणि क्षणभर शॉर्ट होतो. त्या टोकावर नेलपॉलिशचा पातळ हात दिला, की तूर्त भागते. फ्रॉग धातूचा असेल, तर सांधा बदलला की त्याची धन-ऋण बाजूही बदलावी लागते. अशा पॉइंटला वीज जिभांच्या, म्हणजे वाट बदलणाऱ्या हलत्या रुळांच्या, बाजूने द्यावी आणि फ्रॉगपलीकडचे दोन आतले रूळ प्लास्टिकच्या फिशप्लेटने तोडावेत. हे विसरले, तर सांधा एका दिशेला असताना सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिशेला फिरवताच शॉर्ट होतो. फुग्यासारखी वळून स्वतःकडेच परत येणारी वाट हा याचाच मोठा भाऊ : तिथे डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो. तो भाग दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत तोडून त्याची बाजू बदलणारा स्विच किंवा स्वयंचलित उपकरण बसवावे लागते.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत इंजिनांना आज्ञा रुळांतूनच संदेशरूपाने जातात आणि दोषाचे रूप बदलते. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर बेतलेली ही मानके अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात स्वीकारली. रुळांवर सतत सुमारे १५ व्होल्टची, दिशा बदलणारी चौकोनी लहर असते. संदेश ‘एक’ आणि ‘शून्य’ अशा अंकांत असतो; तिचे ‘एक’चे अर्धे स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचे. साध्या मीटरचा डीसी काटा इथे शून्याजवळ राहतो आणि एसीवरचा आकडाही अंदाजेच असतो. जुन्या डीसी संचातल्या काही वीजजोडण्यांत रेडिओची खरखर रोखणारा कपॅसिटर असतो, तो हा संदेश बिघडवतो, काढून टाकावा. ५ अँपियरचा बूस्टर, म्हणजे रुळांना ही वीज पुरवणारे उपकरण, शॉर्टमध्ये ७५ वॉट ओतू शकतो, म्हणजे प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता. तो ताबडतोब बंद पडतो की नाही, हे पाहण्यासाठी लेआउटभर जागोजाग रुळांवर नाणे आडवे ठेवतात. ज्या जागी बूस्टर बंद पडत नाही, तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे.

आणि कधी कधी दोष ऋतूबरोबर येतो. पावसाळ्यात टेबलाचे लाकूड फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. दोन भाग विजेने वेगळे ठेवण्यासाठी करवतीने रुळात पाडलेली फट जानेवारीत चांगली असते. एप्रिलच्या दुपारी रुळांची टोके भिडतात आणि कुणी हात न लावता शॉर्ट होतो, सकाळी गारव्यात तो पुन्हा नाहीसा. हा दोष मल्टिमीटरने नव्हे, भिंगाने सापडतो. फट पाडली, की लगेच तिच्यात प्लास्टिकचा चपटा तुकडा गोंदाने बसवावा आणि वाळल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासून घ्यावा.