शेजारच्या वस्तीतले पाणी कठीण का?

झाकणाची एक स्वच्छ बाटली घ्यावी, ती नळाच्या पाण्याने निम्मी भरावी, त्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकावा आणि बाटली जोरात हलवावी. पाणी मृदू असेल तर दाट फेस येतो आणि बराच वेळ टिकतो. खालचे पाणीही बऱ्यापैकी नितळ राहते. पाणी कठीण असेल तर फेस येता येताच बसतो, पाणी दुधाळ होते आणि काचेला आतून पांढुरका, चिकट साका धरतो. हाच प्रयोग पाच-सात किलोमीटरवरच्या वस्तीतल्या पाण्याने केला, तर निकाल अगदी उलटा येऊ शकतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, हवामान एकच असते, पुष्कळदा पाणी पुरवणारी यंत्रणाही एकच असते. या फरकाचे कारण शोधायचे, तर वस्तीचा पत्ता बाजूला ठेवून पाण्याची वाट तपासावी लागते.

बोलण्यात आपण अशा पाण्याला 'जड पाणी' म्हणतो. शास्त्रात मात्र जड पाणी म्हणजे ड्यूटेरियम या हायड्रोजनच्या जड प्रकाराने युक्त पाणी, म्हणून इथे 'कठीण' हाच शब्द वापरतो. शालेय पुस्तकांतला 'दुष्फेन' हा शब्दही याच अर्थाचा आहे. कठीणपणा येतो तो मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे. साबणाचे रेणू फेस करण्याआधीच हे आयन त्यांना पकडतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. सगळे आयन असे गुंतून पडल्यानंतर उरलेल्या साबणाचाच फेस होतो. एकोणिसाव्या शतकात थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने नेमका हाच गुण मोजमापासाठी वापरला : टिकाऊ फेस येण्यासाठी साबणाचे द्रावण किती लागते, यावरून पाण्याचा कठीणपणा ठरवायचा. चुना घालून पाणी मृदू करण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्यानेच १८४१ मध्ये घेतले.

आज कठीणपणा बहुधा 'कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलिग्रॅम प्रतिलिटर' असा सांगतात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असले, तरी त्या साऱ्याचा हिशेब जणू ते कॅल्शियम कार्बोनेटच आहे असे धरून केलेला असतो. याखेरीज जुनी अंशांची एककेही अनेक देशांत चालू आहेत आणि तिथे घोटाळा होतो. एक फ्रेंच अंश म्हणजे १० मिलिग्रॅम, एक क्लार्क अंश म्हणजे सुमारे १४.३, तर एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. त्यामुळे नुसते 'कठीणपणा १५ अंश' असे म्हटले, तर तो १५० असेल, २१५ असेल किंवा २६७ही असेल. वर्गवारीचेही तसेच. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या प्रचलित वर्गवारीत ६० पर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम कठीण, १८० पर्यंत कठीण आणि त्यापुढे अतिशय कठीण असे टप्पे आहेत. जर्मनीच्या २००७ च्या कायद्यातल्या वर्गवारीत मात्र १५० च्या खालचे सगळे पाणी मृदूच गणले जाते. म्हणजे १४० मिलिग्रॅमचे एकच पाणी एका तक्त्यात कठीण, तर दुसऱ्यात मृदू. दोन वस्त्यांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच एककात आणि एकाच तक्त्यात बसवून घेणे त्यामुळे अत्यंत गरजेचे आहे.

आता वाटेकडे वळू. पावसाचे पाणी जवळजवळ मृदूच असते. चुनखडीतले मुख्य खनिज कॅल्साइट हे कार्बन डायऑक्साइड नसलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळते; एवढ्याने पाणी कठीण होत नाही. खरा बदल मातीत घडतो. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वातावरणाच्या दहापट ते शंभरपटही असू शकते. तो शोषून पाणी सौम्य आम्लधर्मी होते, आणि असे पाणी चुनखडीत शिरले की कॅल्शियमचे बायकार्बोनेट होऊन लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कठीणपणा सहज येतो. डोलोमाइट खडकातून कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही मिळते. जिप्समचे थर लागले तर गोष्ट आणखी वेगळी होते, कारण जिप्समला विरघळण्यासाठी आम्लाचीही गरज नसते; ते लिटरमागे दोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळू शकते. उलट ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट किंवा स्वच्छ वालुकाश्म यांच्यातून वाहून आलेले पाणी बहुधा मृदूच राहते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते, पण ते सिलिकेट खनिजांत जखडलेले असते आणि सावकाश सुटते; म्हणून अशा खडकावरून भराभर वाहून गेलेले पाणी मृदू, आणि त्याच खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले पाणी कठीण, असे एकाच टेकडीच्या दोन बाजूंना दिसू शकते.

खडकाइतकेच महत्त्व पाणी त्यात किती काळ राहिले याला आहे, आणि खोलीला तर आहेच. शेजारशेजारच्या दोन विंधणविहिरी वेगवेगळ्या खोलीवरच्या थरांतून पाणी घेत असतील, तर त्यांच्या पाण्याचा कठीणपणा दुप्पट-तिप्पट वेगळा असणे अशक्य नाही. खोल गेल्यावर पाणी अधिक कठीणच होते असाही नियम नाही, हे मला विशेष लक्षवेधी वाटते. काही चिकणमातींच्या कणांवर सोडियमचे आयन चिकटलेले असतात; कठीण पाणी त्यांच्यामधून हळूहळू सरकताना कॅल्शियम मातीत अडकते आणि सोडियम पाण्यात उतरते. लंडनच्या खाली चिकणमातीच्या जाड थराने झाकलेल्या चॉक या मऊ चुनखडी खडकातल्या भूजलात हा नैसर्गिक मृदूकरणाचा परिणाम आढळतो. घरगुती मृदूकरण यंत्रातली राळ नेमके हेच काम करते. त्याचा हिशेबही सोपा आहे : १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते.

नदीवर अवलंबून असलेल्या वस्तीत कठीणपणा ऋतूप्रमाणे बदलतो. पुराच्या दिवसांत नदीत मुख्यतः जमिनीवरून वाहून आलेले ताजे पाणी असते, म्हणून ते मृदू असते. कोरड्या महिन्यांत नदी जिवंत राहते ती झऱ्यांतून झिरपणाऱ्या भूजलावर, आणि ते आपल्यासोबत खडकाची खनिजे घेऊन येते. मोठ्या जलाशयात हे चढउतार एकमेकांत मिसळून बोथट होतात, छोट्या बंधाऱ्यावर मात्र ते थेट नळापर्यंत पोहोचतात.

शिवाय माणसाने पाणी दूरवर न्यायला सुरुवात केल्यापासून पायाखालचा खडक आणि नळातले पाणी यांचे नाते सैल झाले आहे. मँचेस्टर शहराला १८९४ पासून उत्तरेकडच्या थर्लमिअर जलाशयाचे पाणी सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून मिळू लागले. ते डोंगराळ सरोवर प्रदेशातले मृदू पाणी आहे, शहराखाली कोणताही खडक असो. न्यूयॉर्कला मिळणारे कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतले पाणी अतिशय मृदू आहे, तर त्याच शहराच्या जुन्या क्रोटन स्रोताचे पाणी त्याहून कठीण आहे. म्हणजे एकाच शहरात, एकाच यंत्रणेकडून पाणी घेणाऱ्या दोन भागांत फरक पडू शकतो आणि कोणता स्रोत चालू आहे यावर तो बदलतही राहतो.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते जलवाहिन्यांच्या जाळ्याबद्दल. समजा, एका गावाच्या पश्चिमेला जलाशयाच्या पाण्यावर भरणारी उंच टाकी आहे, पूर्वेला विंधणविहिरींवर भरणारी दुसरी टाकी आहे आणि दोन्हींच्या वाहिन्या गावात एकमेकींना जोडलेल्या आहेत. पश्चिमेचे पाणी ६० मिलिग्रॅमचे, पूर्वेचे ३०० चे. दोन्ही पाणी जिथे भेटते ती सीमा कोणत्याही नकाशावर कायमची आखता येत नाही, कारण ती दाबाप्रमाणे सरकते. सकाळी पश्चिमेकडे मागणी वाढली, की पूर्वेचे पाणी गावाच्या मध्यापर्यंत किंवा त्याही पलीकडे येते. रात्री टाक्या भरत असताना ते मागे हटते. मधल्या गल्लीतल्या घरात पहाटे साबणाला फेस येतो आणि दुपारी त्याच नळाच्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या भांड्यावर वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात. मिश्रणाचा कठीणपणा काढणे सोपे असते : ७० टक्के पश्चिमेचे आणि ३० टक्के पूर्वेचे पाणी मिसळले तर ४२ अधिक ९०, म्हणजे १३२. पण वार्षिक अहवालात संपूर्ण गावासाठी 'सरासरी १८०' एवढाच आकडा छापला, तर पश्चिमेच्या टोकाच्या घराला तो लागू पडत नाही आणि पूर्वेच्या टोकाच्या घरालाही नाही. मधल्या गल्लीतल्या घराला तो लागू पडतो, तोही दिवसातला काही वेळ. अशा आकड्यावर विसंबून लोक मृदूकरण यंत्र घेतात, त्याची मात्रा ठरवतात आणि मग ते नीट चालत नाही म्हणून त्रासतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण विभागवार आणि महिनावार आकडे दिले, तर हा त्रास सहज टळण्यासारखा आहे.

मिश्रणात आणखी एक खोच आहे. चुनखडीशी समतोल साधलेली, म्हणजे आणखी चुनखडी विरघळवण्याची ताकद न उरलेली दोन वेगवेगळी पाणी एकत्र केली, तर त्यांचे मिश्रण पुन्हा चुनखडी विरघळवू लागू शकते. आल्फ्रेड ब्योग्ली या स्विस संशोधकाने १९६४ मध्ये चुनखडीतल्या गुहा कशा रुंदावतात हे सांगताना ही 'मिश्रणजन्य झीज' मांडली. तोच रासायनिक नियम नळाच्या जाळ्यालाही लागू असल्याने स्रोत मिसळताना वाहिन्यांच्या आतल्या चुन्याच्या लेपाची काळजी घ्यावी लागते. तो पातळ लेप पुष्कळदा उपकारकच असतो. अतिशय मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी धातूच्या नळांना झिजवते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला १८५९ पासून मिळणारे लॉख कॅट्रिन सरोवराचे पाणी असेच मृदू असल्याने तिथल्या जुन्या शिशाच्या नळांतून शिसे पाण्यात उतरत असे, आणि ते रोखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो वाढला की आम्लता घटते) वाढवावा लागला.

कठीण पाण्याचा उपद्रव उष्णतेजवळ दिसतो. पाणी तापवले की बायकार्बोनेटचे विघटन होते आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. याला तात्पुरता कठीणपणा म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइड यांच्या रूपातला कठीणपणा उकळून जात नाही. एखाद्या हीटरमध्ये रोज ५० लिटर पाणी तापत असेल आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम चुना साचत असेल, तर दिवसाला ५ ग्रॅम आणि वर्षाला सुमारे १.८ किलो खर जमेल. आरोग्याच्या बाजूने मात्र जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी कोणतीही आरोग्याधारित मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानकातली २०० मिलिग्रॅमची स्वीकारार्ह आणि, दुसरा स्रोत नसेल तर, ६०० ची कमाल मर्यादा वाचताना हेही ध्यानात ठेवावे.

पाणी तपासताना सर्वांत मोठी गल्लत टीडीएस मापकामुळे होते. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो. त्यातले कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. मृदूकरण यंत्रातून आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण कठीणपणा नाहीसा झालेला असतो. कठीणपणासाठी ईडीटीएची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनाची चाचणीच हवी. मोजून घेतलेल्या पाण्यात ठरावीक द्रावण घालून त्याचा पीएच १० च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकायचा, म्हणजे पाणी द्राक्षासवासारखे लालसर होते. मग ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. बराच वेळ काहीच होत नाही, नंतर लालसर रंगात जांभळी झाक येते आणि एकाच थेंबासरशी सगळे पाणी स्वच्छ निळे होते. तोवर लागलेले थेंब म्हणजे कठीणपणाचे माप.

नमुना थंड पाण्याच्या नळाचा, मृदूकरण यंत्राच्या आधीचा आणि दोन-तीन मिनिटे पाणी सोडल्यानंतरचा घ्यावा. बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण पाणी दोन टाक्यांच्या मधल्या गल्लीतले असेल, तर वेळेशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. वर्षातून किमान दोनदा, नदी भरून वाहत असताना एकदा आणि ती आटत आल्यावर एकदा, त्याच नळाचे पाणी पुन्हा तपासावे.