धुकं की धुरकं? हिवाळी सकाळचा पांढरा पडदा ओळखताना

एका अंगाला बाजारपेठ आणि दुसऱ्या अंगाला शेतं असलेल्या छोट्या गावात थंडीच्या सकाळी समोरचं झाडही दिसेनासं होतं. कुणी फोटो काढतं, कुणी नाकाला रुमाल लावतं. गंमत म्हणजे त्याच सकाळी दोघंही बरोबर असू शकतात.

धुकं म्हणजे पाणी. रात्रभर जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि हवेतली वाफ बारीक कणांभोवती थेंब होऊन तरंगू लागते. हे थेंब साधारण ५ ते ५० मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवामानशास्त्रात १ किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात, त्याहून लांबचं दिसलं तर विरळ धुकं. धुरक्यात मात्र धूर, काजळी आणि धूळ असते. त्यातले सर्वांत त्रासदायक कण २.५ मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून बारीक. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसात खोलवर उतरतात.

आता ओळखायचं कसं? गाडीची सीट ओली आहे म्हणजे धुकं, असं बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही. निरभ्र रात्री धुक्याशिवायही भरपूर दव पडतं. त्यापेक्षा सूर्याकडे लक्ष द्या. धुक्याआडून तो पांढरट चकतीसारखा दिसतो, कारण पाण्याचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात. धुरक्यातून तो तांबूस, मळकट दिसतो. पहाटे अंधारात टॉर्च लावली तर धुक्यात झोतात थेंब भिरभिरताना दिसतात. धुरक्यात झोत नुसताच करडा दिसतो आणि घशाला खवखव जाणवते. वासाबद्दल वेगळं सांगायला नको.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र वेळेची. ऊन तापलं की थेंब आटतात आणि धुकं बहुधा नऊ-दहापर्यंत विरतं. काजळी आटत नाही. भर दुपारीही क्षितिजावर पिवळसर-तपकिरी पट्टा दिसत असेल, तर ते धुकं नव्हे.

दोन्ही एकाच मोसमात का येतात, हा खरा प्रश्न आहे. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची गार असते, त्यामुळे खालची हवा वर चढते आणि धूर घेऊन जाते. वारा पडलेल्या लांब, निरभ्र रात्री हे उलटं होतं: खाली गार, वर उबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि ओल व धूर दोन्ही खालीच कोंडतात. म्हणूनच गावात एकही कारखाना नसला तरी हवा बिघडते. चुली, शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक, एखादी वीटभट्टी, कच्च्या रस्त्यावरची धूळ एवढं पुरतं. माझ्या मते सर्वांत फसवी वेळ म्हणजे संध्याकाळ. आभाळात चांदण्या स्वच्छ दिसतात आणि गल्लीत दिवसभरातली सर्वांत वाईट हवा साचत असते.

दोन्ही एकत्र आली की काय होतं, हे लंडनने डिसेंबर १९५२ मध्ये पाहिलं. ५ ते ९ तारखेपर्यंत कोळशाचा धूर धुक्यात कोंडून राहिला. त्या वेळी सुमारे ४,००० बळी मोजले गेले. नंतरचे काही अंदाज १२,००० पर्यंत जातात. थेंबांत विरघळलेल्या वायूंपासून आम्ल तयार होतं, म्हणून ओला धूर कोरड्या धुरापेक्षा वाईट ठरू शकतो. नुसत्या धुक्याचा मुख्य धोका रस्त्यावर: गाडीच्या दिव्यांचा झोत खाली ठेवा, वेग कमी करा, बाकी फारसं काही नाही.

उन्हाळ्यातली वावटळीची धूळ बरीचशी जाड असते आणि लवकर खाली बसते. पावसाळा हवा धुऊन काढतो. म्हणजे हा घोळ मुख्यतः हिवाळ्यातलाच.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यांबद्दल थोडं. जवळचं मोजमाप केंद्र शहरात असेल, तर ॲप तुमच्या गावाचा नुसता अंदाज दाखवतं. स्वस्त लेझर सेन्सर बसवला तर दुसरीच अडचण: दाट धुक्यात तो पाण्याच्या थेंबांनाही धूलिकण समजून आकडा फुगवतो. म्हणून सकाळी सातच्या आकड्याने घाबरू नका, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी आहे: पीएम २.५, म्हणजे वर सांगितलेले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम. दम्याचा त्रास असेल तर फिरायला पहाटेऐवजी दुपारी जावं. बाहेर पडणं भागच असेल तर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा; रुमालाने बारीक कण अडत नाहीत.