अकाली स्वावलंबन

पालकांचे लक्ष, वेळ किंवा आधार पुरेसा न मिळाल्याने मुलाने वयाच्या आधीच स्वतःचा, पुष्कळदा धाकट्या भावंडांचाही भार उचलणे. असे मूल चारचौघांत गुणी आणि समजूतदार ठरते. या कौतुकापायीच त्याची अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाचे तीन प्रकार मांडले : धाकाचे, मोकळे सोडणारे आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळणारे. एलिनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांच्या १९८३ मधील मांडणीत दुर्लक्ष करणारे पालकत्व हा चौथा प्रकार आला. मोकळीक आणि दुर्लक्ष यांची गल्लत करू नये. मुलाला एकट्याने दुकानात पाठवणारी आई त्याची वाट पाहत असते. दुर्लक्षात वाट पाहणारे कोणी नसते. अमेरिकेतील युटा राज्याने २०१८ मध्ये कायद्यातच स्पष्ट केले, की जाणत्या वयाच्या मुलाला एकटे शाळेत जाऊ देणे किंवा खेळू देणे म्हणजे हेळसांड नव्हे.

या विषयातला सर्वांत बोलका पुरावा मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगातून पुढे आला. वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत खेळणी देऊन आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. बहुतेक बाळे रडतात, आई दिसताच तिला बिलगतात. काही मात्र रडत नाहीत. आई परतली तरी मान वर न करता खेळण्यातच डोके घालून बसतात. पाहणाऱ्याला वाटावे, किती शहाणे बाळ! पुढे ॲलन स्रूफ व एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले निघाले. बाळ घाबरलेलेच होते. हाक मारून उपयोग नाही, एवढे ते शिकले होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मोठेपणी दिसणाऱ्या अशा वृत्तीला सक्तीचे स्वावलंबन म्हटले. अशी माणसे सगळे स्वतःच निभावू पाहतात, स्वतःसाठी मदत मात्र मागू शकत नाहीत.

तरीही हलाखीत वाढलेले प्रत्येक मूल खचत नाही. हवाई बेटसमूहातील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यामागे बहुधा आजी-आजोबा, शिक्षक किंवा शेजारी असे कोणीतरी कायम उभे होते. धाकट्यांना सांभाळण्याची जबाबदारीही त्यांना बळ देऊन गेली. काम मुलाला मोडत नाही, एकटेपण मोडते, असे या अभ्यासावरून म्हणता येते.

महाराष्ट्रात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. तेथे पालक बेफिकीर नसतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायची असते. आई-बाप पहाटेच फडात जातात. मागे थोरली मुलगी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधायला हात लावते. तिची शाळा बुडते. अशी मुले गावीच आजी-आजोबांजवळ राहून त्याच शाळेत टिकावीत, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. त्यात शाळेमार्फत दोन वेळचे जेवण मिळते.