खोल पाण्यातली उचल: आधी शिसं मोजा, मग विंग घ्या

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी वाढलेलं पोर पोहायला शिकतं ते पाठीला तुंबा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधून. तुंब्याची साल कडक असते. त्यामुळे तो काठाशी बुडवला तर जेवढी उचल देतो, तेवढीच पुरुषभर पाण्याखालीही देतो. स्कूबा डायव्हरच्या पाठीवरची हवेची पिशवी, म्हणजे विंग, मात्र मऊ असते. खाली जाताना ती आकसते, वर येताना फुगते, आणि पाण्यात असेपर्यंत डायव्हरला ती सांभाळत राहावी लागते. हा मऊपणा लक्षात न घेता साधनं निवडली, तर महागातली महाग पिशवी घेऊनही माणूस अडचणीत येतो.

विदर्भात समुद्र नाही, पण पाणी आहे आणि पाण्याची माणसंही आहेत. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, गोसीखुर्दसारखी धरणं आहेत, वणी-चंद्रपूर पट्ट्यात बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या उघड्या (ओपनकास्ट) खाणी आहेत. ढीवरांची मुलं लहानपणापासून पाण्यात असतात. त्यांच्यातली आणि इतरही काही आता तारकर्लीला किंवा अंदमानला जाऊन डायव्हिंग शिकतात, कोणी शोध-बचावाच्या कामात शिरतात. पुढची पायरी टेक्निकल डायव्हिंगची. हौशी डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटर मानतात. त्याहून खोल जायचं असेल, वर येताना ठरावीक खोलीवर थांबणं भाग असेल, किंवा डोक्यावर गुहेचं नाहीतर बुडालेल्या जहाजाचं छत असेल, तर ते टेक्निकल डायव्हिंग. इथे काही बिघडलं तरी सरळ वर पळता येत नाही. म्हणून साधनं विचारपूर्वक घ्यावी लागतात. "मोठी विंग घेऊन ठेव, कामी येईल" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला धोक्याचा वाटतो.

का, ते विहिरीवर दाखवता येतं. फुग्यात साधारण लिटरभर हवा भरा. कांद्याच्या जाळीदार पिशवीत काळे दगड घालून ती फुग्याखाली बांधा, पिशवीला लांब सुतळी लावा आणि सगळं पाण्यात सोडा. मग एकेक खडा वाढवत जा, इतका की फुग्याचा फक्त वरचा गोल, सुमारे विसावा भाग, पाण्याबाहेर उरेल. आता कठड्याआडून लांब बांबूने फुगा खाली दाबा. वीतभर दाबून सोडला तर तो वर येतो. हातभर दाबला तरी येतो, पण रेंगाळत. अर्ध्या मीटरहून थोडा खाली नेऊन सोडला की वर येणं थांबतं. तो आपणहून खाली जायला लागतो, खाली जाईल तसा वेग धरतो आणि सुतळी हातातून सरसर सुटत राहते. आठवीच्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, हवा भरली हाये, मंग फुगा काहून बुडला जी?"

उत्तर रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेल्या नियमात आहे. तापमान तेच राहिलं तर दाब जितक्या पट वाढतो, तितक्या पट वायूचं आकारमान कमी होतं. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक वातावरण, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. लिटरभर हवा १० मीटरवर अर्धा लिटर होते, ३० मीटरवर पाव लिटर. आणि आर्किमिडीज सांगतो त्याप्रमाणे उचल ठरते ती बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनावरून. आपल्या फुग्याकडे शिल्लक होती फक्त विसाव्या भागाची. अर्ध्या मीटरवर दाब तेवढ्याच हिश्शाने वाढला, फुगा तेवढाच आकसला आणि शिल्लक संपली. त्याखाली प्रत्येक वितीला तो आणखी आकसतो, म्हणून आणखी बुडतो. वर येताना हेच उलट घडतं. थोडं वर आलं की हवा फुगते, ती आणखी वर ढकलते.

डायव्हरच्या पाठीवरच्या पिशवीत हेच चालतं, आणि पिशवीत हवा जितकी जास्त तितकं ते तीव्र होतं. डाइव्हच्या शेवटी डायव्हर ६ मीटर आणि ३ मीटरवर थांबतो, शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. ही थांबण्याची ठिकाणं चुकली तर रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होऊ शकतात. समजा ६ मीटरवर पिशवीत २ लिटर हवा आहे. ३ मीटरवर ती सुमारे अडीच लिटर होते, म्हणजे अर्धा किलो जादा उचल. शांत श्वासात आपण साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो, तेव्हा हा फरक श्वासावर सांभाळता येतो. पण पिशवीत ६ लिटर हवा असेल, तर ३ मीटरवर ती ७.४ लिटर होते. जवळपास दीड किलोचा धक्का वरच्या दिशेने. तो श्वासाने आवरत नाही. हवा सोडायला एक-दोन क्षण उशीर झाला की डायव्हर वर.

ही ४ लिटर जास्तीची हवा आली कुठून? बुडता यावं म्हणून डायव्हर कमरेला शिशाची वजनं बांधतो; बहुतेक वेळा त्या जास्तीच्या ४ किलो शिशातून. भीतीपोटी शिसं वाढवलं, ते पेलायला पिशवीत हवा वाढवली, आणि त्या हवेने डायव्हर डळमळीत केला. म्हणून निवडीची सुरुवात दुकानातल्या विंगपासून करू नये. आधी सिलिंडर, सूट आणि शिसं यांचा हिशेब करावा. विंगचा आकार त्यातून आपोआप निघतो.

हा हिशेब कागदावर मांडून बघू. टेक्निकल डायव्हर सहसा पाठीवर दोन सिलिंडर जोडून घेतो. १२ लिटरची दोन सिलिंडर २०० बारपर्यंत, म्हणजे सुमारे २०० वातावरणांच्या दाबापर्यंत, भरली तर त्यांत ४,८०० लिटर हवा मावते. हवेला वजन असतं, लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे पावणेसहा किलो हवा पाठीवर घेऊन आपण उतरतो आणि त्यातली बरीचशी वापरून वर येतो. तेवढे किलो आपण पाण्यातच हलके होत जातो. याचा अर्थ असा की शिसं ठरवायचं ते शेवटच्या, हलक्या अवस्थेसाठी: सिलिंडर जवळपास रिकामी, पिशवीही रिकामी, आणि तरी ३ मीटरवर निवांत स्थिर राहता आलं पाहिजे. तेवढंच शिसं, त्याहून अर्धा किलोही जास्त नाही.

आता सुरुवातीची अवस्था. हवेचे पावणेसहा किलो आहेतच. वेटसूटचा निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे भरलेला रबर, तोही आकसतो. पृष्ठभागावर ४ किलो उचल देणारा सूट ३० मीटरवर, बॉईलच्या सरळ हिशेबाने, किलोभरच देतो. तिथे ३ किलो गेले. बेरीज झाली पावणेनऊ. बाजूला लटकवलेलं भरलेलं जादा सिलिंडर असेल तर किलो-दोन किलो आणखी. शिवाय पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायचं तर त्यासाठी ४-५ किलो उचल लागते, पण तेव्हा सूट आकसलेला नसतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र धरायचे नाहीत. सगळं मिळून १२-१३ किलोंच्या आत भागतं. थोडी सवड ठेवली तर १८ किलो उचलीची विंग या माणसाला पुरेशी आहे. जोड-सिलिंडरच्या विंग साधारण १८ ते २७ किलोंच्या येतात, एका सिलिंडरच्या १३ ते १६ च्या. ४५ किलोंच्याही मिळतात. त्या मोठ्या पिशवीत थोडीच हवा असली की ती कडांच्या घड्यांत अडकून बसते, हवी तेव्हा बाहेर पडत नाही, आणि पोहताना पाण्याचा अडसर वाढतो तो वेगळाच.

विंग म्हणजे फक्त पाठीमागे असलेली पिशवी. शिकाऊ डायव्हर वापरतात ते जॅकेट छातीला आणि कुशींनाही हवेने वेढतं. जॅकेट वाईट नाही, पण दोन सिलिंडर आणि लटकवलेली बाकीची सिलिंडरं वागवायला ते बनलेलंच नाही. विंग बॅकप्लेटवर, म्हणजे पाठीला बसणाऱ्या धातूच्या पत्र्यावर, बसते. या रचनेचा जन्म उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत झाला. १९७९ च्या सुमारास ग्रेग फ्लॅनगन याने तिथल्या गुहा-डायव्हरांसाठी स्टीलची बॅकप्लेट बनवली आणि विल्यम होगार्थ मेन याने ती पुढे विकसित केली. ५ सेंटिमीटर रुंदीचा एकसलग पट्टा, खांद्यांवर आणि कमरेला साधनं अडकवायला स्टीलच्या डी-रिंग (कड्या), मांड्यांमधून येणारा एक पट्टा, बस्स. मोडायला जागाच कमी. हवा पाठीवर असल्याने शरीर पाण्यात आडवं राहतं, पायातल्या फिनचा फटकारा तळाच्या गाळावर पडत नाही. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्टीलची प्लेट स्वतःच २-३ किलोंची असते, तेवढं शिसं कमरेवरून उतरतं.

पिशवीचा आकार गोल कड्यासारखा असेल तर हवा खालूनही एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते. घोड्याच्या नालेसारखा असेल तर ती फक्त वरून फिरते. मी गोल निवडीन. पिशवीभोवती लवचीक दोऱ्या ताणलेल्या विंगही मिळतात. त्यांचा एक तोटा मोठा आहे: पिशवीला भोक पडलं तर त्या दोऱ्या हवा पिळून बाहेर काढतात, आणि तोंडाने हवा भरायची वेळ आली तर दोऱ्यांचा ताण आधी हरवावा लागतो. त्या घेऊ नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३० मीटरवर विंग फाटली तर काय? वरच्याच उदाहरणातला माणूस डाइव्हच्या सुरुवातीला तिथे जवळपास ९ किलोंनी जड आहे. नुसत्या फिन मारून ९ किलो ३० मीटर वर आणणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे, थांबे पाळत आणणं तर अशक्यच. म्हणून उचलीचा दुसरा स्रोत हवा. थंड समुद्रात तो ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट, असतो, त्याच्या आत हवा भरता येते. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, ड्रायसूट चढवून काठावर उभं राहणं हाच उष्माघाताला आवतण. घाण किंवा विषारी पाण्यात तो घालावाच लागतो, पण एरवी आपल्या पाण्यात वेटसूटच वापरला जाणार. मग स्टीलची जड जोड-सिलिंडर आणि वेटसूट ही जोडी टाळावी. ॲल्युमिनियमची सिलिंडर घ्यावीत, ती रिकामी होत आली की तरंगायला लागतात. त्यांच्यासाठी जे शिसं लागेल त्यातलं थोडं पटकन सोडून देता येईल असं बांधावं. स्टीलच वापरायचं असेल तर एका आवरणात दोन पिशव्या असलेली विंग घ्यावी. तिच्या दुसऱ्या पिशवीची नळी दुसऱ्या रेग्युलेटरवरून (सिलिंडरच्या हवेचा दाब उतरवणाऱ्या साधनावरून) आणतात. एक खबरदारी मात्र हवी. त्या राखीव पिशवीचा व्हॉल्व्ह किंचित गळत असेल तर ती नकळत भरत जाते, आणि डायव्हर चुकीच्या पिशवीतली हवा सोडत बसतो.

समुद्रावर शिकून गावाकडच्या पाण्यात उतरणाऱ्यांना एक बेरीज पुन्हा करावी लागते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. साधनांसह डायव्हर १२० लिटर जागा व्यापत असेल तर समुद्र त्याला १२३ किलो उचल देतो, तलाव १२० च. म्हणजे तारकर्लीला जेवढं शिसं लागलं त्यातून ३ किलो कमी करायचं. न केलं तर ते ३ किलो म्हणजे पुन्हा पिशवीत ३ लिटर नको असलेली हवा.

आणि आपला गाळ. काळ्या मातीचा बारीक गाळ इन्फ्लेटरच्या, म्हणजे पिशवीत हवा भरायच्या, बटणात शिरला की बटण दाबलेलं अडकतं आणि पिशवी आपोआप फुगत जाते. अशा वेळी हवा सोडत राहायचं आणि इन्फ्लेटरची नळी झटक्याने काढायची. हातमोजे घालून, डोळे मिटून ही नळी काढता आली पाहिजे, कारण धरणाच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. विंग विकत घेतानाच ही जोडणी हाताळून बघा. घट्ट, लहान खाचेची असेल तर दुसरी मागा.

डाइव्ह झाली की इन्फ्लेटरमधून स्वच्छ पाणी आत घालून पिशवी हलवा, खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी काढा, तिसऱ्यांदा निघणारं पाणी नितळ येईपर्यंत. मग थोडी हवा भरून सावलीत टांगा. पुढच्या डाइव्हच्या आदल्या रात्री विंग टच्च फुगवून ठेवायची. सकाळी ती सैल लागली तर टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधा आणि ते सापडून दुरुस्त होईपर्यंत पाण्यात उतरू नका.