हुमणाच्या मडक्याची भिंत

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडकं घ्यायला आलेली जाणती बाई आधी त्यावर बोटाने टिचकी मारते. नाद स्वच्छ आला तर भाव करते, बद्द आला तर मडकं जागच्या जागी ठेवते. ही परीक्षा अगदी शास्त्रीय आहे. भिंतीत बारीकशी चीर असली तरी टिचकीची कंपनं तिथे अडतात, चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून त्यांची ऊर्जा खातात आणि नाद बसतो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते.

एवढी पारख करून घरी आणलेलं मडकं चुलीवर जे सोसतं, त्याचं मला फार अप्रूप आहे. खाली लाकडाचा जाळ सहाशे अंशांच्या पुढचा, आत उकळतं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण, शंभर अंशांच्या आसपास आणि मधे जेमतेम अर्ध्या बोटाची भिंत. भिंतीची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त फुगू पाहते. ही ओढाताण चिनी मातीच्या बशीला झेपत नाही, जाळावर ठेवली की ती तडकते. मग डिचोलीच्या कुंभाराने घडवलेलं साधं लाल मडकं का टिकतं?

उत्तर भाजणीत आहे. मातीतल्या केओलिनाइटसारख्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान ते निघून जातं आणि मग ती माती कितीही भिजली तरी पुन्हा चिखल होत नाही. पारंपरिक आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत मातीचे कण कडेकडेने एकमेकांना चिकटतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. मधे सूक्ष्म पोकळ्या राहून जातात. आव्यात हवा खेळती असली तर मातीतल्या लोहाचं हेमाटाइट हे तांबडं ऑक्साइड होऊन मडकं लाल होतं, धूर कोंडला तर काळं.

मडकं तगतं ते या पोकळ्यांमुळेच. चीर पुढे सरकते ती तिच्या टोकाशी ताण एकवटतो म्हणून. ते टोक एखाद्या पोकळीत शिरलं की ताण पसरतो आणि चीर तिथेच थबकते. मातीत मळताना घातलेली बारीक रेतीही हेच काम करते. त्यामुळे जाळावर चढणाऱ्या मडक्यात बारीक चिरा पडतच असतात, पण त्यातली एकही भिंत फोडून बाहेर येत नाही. गोल बूडही त्यासाठीच. कोपरा नसला की ताण साठायला जागा उरत नाही. ‘जितकं जास्त भाजलं तितकं भांडं चांगलं’ असं पुष्कळांना वाटतं, स्वयंपाकाच्या मडक्याबाबत ते खरं नाही.

मातीचं भांडं उष्णता धरून ठेवतं, हे तर सगळेच सांगतात. पण एक किलो माती एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढीच एक किलो अॅल्युमिनियमलाही लागते. फरक आहे तो वाहकतेत. अॅल्युमिनियममधून उष्णता भाजलेल्या मातीच्या शेकडो पट सहज वाहते. मडक्याची जाड भिंत बाहेरून भरपूर तापलेली असते आणि ती उष्णता सावकाश आत सरकत राहते. म्हणून मडकं चुलीवरून उतरवलं तरी हुमण काही वेळ रटरटत राहतं. सवयीचा हात हे ओळखून असतो. बांगडा पुरता शिजायच्या थोडं आधीच मडकं खाली येतं, नाहीतर मासळीचा चुरा होतो. खोबऱ्याच्या रसालाही ही सावकाशी मानवते. नारळाच्या दुधातली प्रथिनं ८० अंशांच्या आसपास गोठू लागतात, जाळ दणकून लावला की तेल सुटतं आणि रस फाटल्यासारखा दिसतो.

नवं मडकं लगेच वापरत नाहीत. आधी पाण्यात बुडवून ठेवतात, मग त्यात पेज किंवा तांदळाचं पाणी उकळवतात. कोरं मडकं पाझरतं. भिंतीतून बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि दर ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल उष्णता घेऊन जातं. जाळ खाली आणि गारवा बाहेरून, अशा भांड्यात उकळी फुटायला फार वेळ लागतो. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मायकल शिफर यांनी प्रयोगांसाठी मडकी बनवून हेच दाखवलं होतं: भिंत जितकी कमी पाझरते तितकं पाणी लवकर तापतं. पेजेतला स्टार्च फुगून पोकळ्यांची तोंडं बुजवतो, पुढे तारल्या-बांगड्याचं तेल उरलेलं काम करतं.

माती अल्कधर्मी असल्याने ती हुमणातला आंबटपणा मारते, असं हल्ली बरंच ऐकू येतं. मला ते पटत नाही. भाजलेली माती रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असते आणि सोलं (कोकमं) घातलेलं हुमण मडक्यात आंबटच राहतं, ही आपली रोजची चव आहे. मडक्याचा खरा गुण तोच. सोलांतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल किंवा चिंचेतलं टार्टारिक आम्ल कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेतून धातू विरघळवतं, अॅल्युमिनियमलाही खातं. मडक्याशी त्याचं काही चालत नाही.

हुमण ढवळायला आणि वाढायला आपल्याकडे दवला असतो. नारळाच्या करवंटीला दोन भोकं पाडून त्यांतून दांडी आरपार घातलेली, खिळा नाही की गोंद नाही. दांडी ओलाव्याने फुगते आणि भोकांत घट्ट बसते. कमी भाजलेल्या मातीला स्टीलचा डाव लागला की ओरखडा उठतो, पेजेने बुजलेला थर खरवडला जातो. करवंटी धातूपेक्षा मऊ, म्हणून भिंत राखते आणि उष्णता वाहत नसल्याने दांडीही हाताला पोळत नाही.

लोणच्याच्या बरणीचं गणित उलटं. चिनी मातीची बरणी १,२०० अंशांच्या आसपास भाजतात, माती काचेसारखी एकजीव होते. मीठ, तेल, आंबट काहीच झिरपत नाही, पण ती जाळावर चढत नाही. बाजारात मिळणारी रंगीत, चकचकीत मडकीही स्वयंपाकाला घेऊ नयेत. कमी तापमानाच्या काही लेपांत शिसं असतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

पोकळ्यांत शिरलेली चरबी सहजी निघत नाही. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातल्या सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरच्या खापरांतून चार हजार वर्षांपूर्वीच्या चरबीचे अंश संशोधकांना अलीकडेच मिळाले आहेत. मासळीचं मडकं वेगळं आणि दुधाचं वेगळं, हा आपल्या घरांतला रिवाज त्यामुळे रास्तच म्हणायचा. साबणाचं पाणीही त्याच वाटेने आत शिरतं आणि पुढच्या उकळीला बाहेर येतं. मडकं राख आणि सोडणाने, म्हणजे नारळाच्या काथ्याने, घासावं, गरम पाण्याने धुवावं आणि पुरतं वाळल्याशिवाय झाकणी ठेवू नये. पावसाळ्यात ऊन नसलं तर चुलीच्या उबेला पालथं घालावं, ओल्या भिंतीत बुरशी लवकर धरते.