आयएसबीएन मिळाला म्हणजे संशोधनाला मान्यता मिळाली का?

कॉलेजच्या मुलांनी परिसंवाद भरवायचं ठरवलं की ग्रुपवर एक वाक्य फिरू लागतं: ‘आयएसबीएन असलेल्या पुस्तकात निबंध छापून आला की तो आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त ठरतो.’ समज रुजणं स्वाभाविक आहे. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाला दिला जाणारा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक, आणि असा 13 आकडी क्रमांक अधिकृतच वाटतो.

पण हा क्रमांक पुस्तकाची ओळख सांगतो, दर्जा नव्हे. प्रकाशक अर्जात शीर्षक, लेखक, आवृत्ती कळवतो. मजकुराच्या गुणवत्तेची परीक्षा तिथे होत नाही. दादरच्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन पाहा, पाककृतींच्या पुस्तकावरही आयएसबीएन सापडेल. आकडे डावीकडून आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली, तर ती 10 ने पूर्ण भागली जाते. त्यातून क्रमांक लिहिताना चूक झाली नाही ना, इतकंच कळतं.

दर्जा ठरतो परीक्षणात. म्हणून नोंदणीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: निबंध कोण वाचणार? लेखकाचं नाव झाकून वाचणार का? लेखी शेरे मिळतील का? निबंध नाकारलाही जातो का? पाठवल्यावर तासाभरात ‘स्वीकृत’ असं उत्तर आलं, तर तो कुणी नीट वाचला असण्याची शक्यता फार कमी.

आयोजक विद्यार्थी असले म्हणून यात काही अडत नाही. विषय जाणणाऱ्या दोन प्राध्यापकांकडे निबंध पाठवणं, शेरे वेळेत परत करणं, दुरुस्तीला आठवडाभर देणं हे दुसऱ्या वर्षाची मुलंही उत्तम सांभाळू शकतात. माहितीपत्रकात क्रमांकाच्या जागी ही पद्धत ठळक छापावी, असं मला मनापासून वाटतं.