गुरू अर्जनदेव आणि शहीदी गुरुपुरब

शिखांचे पाचवे गुरू (जन्म : गोइंदवाल, १५ एप्रिल १५६३, मृत्यू : लाहोर, ३० मे १६०६). शीख परंपरा त्यांना पहिले हुतात्मा मानते. त्यांच्या स्मृतिदिनाला शहीदी गुरुपुरब म्हणतात. त्या दिवशी जो आदिग्रंथ (गुरू ग्रंथसाहिब) वाचला जातो त्याची पहिली प्रत त्यांनीच सिद्ध केली, ज्या सुखमनी या दीर्घ काव्याचे चाळीस दिवस पाठ होतात ती त्यांचीच रचना, आणि ज्या हरिमंदिरात (अमृतसरचे सुवर्णमंदिर) मुख्य दिवाण, म्हणजे सत्संगसभा, भरतो तेही त्यांनीच बांधवले. इतर गुरूंच्या स्मृतिदिनांपेक्षा या दिवसाचे वेगळेपण आहे ते यात.

चौथे गुरू रामदास आणि तिसरे गुरू अमरदास यांच्या कन्या बीबी भानी यांचे ते धाकटे पुत्र. १५८१ मध्ये वडिलांनी थोरल्या पृथीचंदाला बाजूला ठेवून गादी त्यांच्याकडे दिली. पृथीचंदाने हे कधीच मान्य केले नाही. त्याने आपला वेगळा पंथ चालवला आणि 'नानक' याच नावाने पदे रचून पसरवली. घरातल्या या भाऊबंदकीकडे नुसता वारसाहक्काचा वाद म्हणून पाहून चालत नाही. अस्सल बाणी (गुरूंची पदरचना) कोणती आणि नक्कल कोणती, हा प्रश्न तिच्यामुळेच निकडीचा झाला.

गुरुपदाची पंचवीस वर्षे बांधकामात आणि संघटनेत गेली. अमृतसरचे सरोवर वडिलांनी खोदवले होते; त्याच्या मधोमध हरिमंदिर उभे राहिले ते अर्जनदेवांच्या काळात. त्याला चारी दिशांना दारे ठेवली आणि जोते उंच न घेता खालच्या पातळीवर ठेवले, त्यामुळे आत जाणाऱ्याला पायऱ्या उतराव्या लागतात. पायाचा दगड लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांनी बसवला, ही हकीकत सर्वतोमुखी असली तरी ती नंतरच्या काळातल्या लेखनात येते. तरनतारन (१५९०), जालंधरजवळचे करतारपूर आणि बियासच्या काठचे श्रीहरगोबिंदपूर ही गावेही त्यांनीच वसवली. या कामांना पैसा आला तो दसवंधातून, म्हणजे प्रत्येक शिखाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा या प्रथेतून. ठिकठिकाणचे मसंद, म्हणजे गुरूंचे प्रतिनिधी, तो गोळा करून आणत.

आदिग्रंथ

अमृतसरला रामसर तळ्याच्या काठी १६०३–०४ मध्ये संकलनाचे काम झाले. गुरू सांगत आणि भाई गुरदास लिहून घेत. १६०४ मध्ये ग्रंथाची हरिमंदिरात स्थापना झाली आणि बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी (ग्रंथ वाचणारे व सांभाळणारे) झाले. ही मूळ प्रत मानली जाणारी करतारपुरी बीड (बीड म्हणजे ग्रंथाची हस्तलिखित प्रत) आजही करतारपूरच्या सोढी घराण्याकडे आहे.

ग्रंथाची मांडणी कालक्रमाने नाही, विषयवारही नाही. ती रागांनुसार आहे. प्रत्येक रागात आधी गुरूंची पदे (चौपदे, अष्टपदी, छंत, वार या क्रमाने) आणि शेवटी भक्तांची बाणी. सगळ्या गुरूंची नाममुद्रा 'नानक' हीच असल्याने पद कोणाचे हे 'महला' या शब्दापुढच्या आकड्यावरून ओळखायचे : महला १ म्हणजे नानकदेव, महला ५ म्हणजे अर्जनदेव. पदाच्या शेवटी जे आकडे येतात ते नुसते कडव्यांचे क्रमांक नसतात. कडवे कितवे, त्या गुरूंचे त्या प्रकारातले पद कितवे आणि तिथवरची एकूण बेरीज किती, असा तो चढता हिशेब असतो. मध्येच कोणी एखादे पद घुसवले तर पुढच्या सगळ्या बेरजा चुकतात. हिशेबनिसाच्या खतावणीसारखी ही युक्ती आहे, आणि पृथीचंदाच्या नकली बाणीवर तिच्याइतका पक्का तोडगा दुसरा नव्हता. ग्रंथात सर्वांत जास्त रचना, २,२१८, खुद्द अर्जनदेवांच्या आहेत.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा भाग भक्तबाणीचा. नामदेवांची ६१ पदे १८ रागांत विखुरलेली आहेत. परंपरेने बार्शीशी जोडले जाणारे त्रिलोचन (चार पदे) आणि परमानंद (एक पद) हेही आहेत. धनासरी रागातल्या नामदेवांच्या एका पदात 'ता चे हंसा सगले जनां' असा चरण आहे. पंजाबात तीनशे वर्षे फिरूनही त्यातला 'चे' गळून पडलेला नाही. आसा रागात अर्जनदेवांनी स्वतः नामदेवांविषयी लिहिले आहे, 'आढ दाम को छीपरो होइओ लाखीणा' : अर्ध्या दामाचा शिंपी लाखमोलाचा झाला. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या शेजारी या 'छीपरो'ची पदे बसवून ग्रंथापुढे सगळ्यांना माथा टेकायला लावणे हा निर्णय संकलनातला सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. नामदेवांचे पंजाबातले वास्तव्य जिथे मानले जाते त्या घुमान गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

लाहोरचा शेवट

१६०६ च्या एप्रिलमध्ये जहांगीराचा मुलगा खुस्रो बापाविरुद्ध उठला आणि पंजाबकडे पळाला. वाटेत तो गुरूंना भेटला आणि त्यांनी त्याच्या कपाळाला केशराचा टिळा लावला, असे जहांगीर आत्मचरित्रात लिहितो. मात्र त्याच मजकुरात त्याने मनातली जुनी अढीही सांगून टाकली आहे : तीन-चार पिढ्या चाललेले हे 'दुकान' बंद करावे किंवा या माणसाला इस्लाममध्ये आणावे, असे आपल्या मनात पूर्वीपासून होते. गुरूंची मालमत्ता जप्त करून त्यांना मारण्याचा हुकूम त्याने दिला. लाहोरहून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिहिलेल्या जेझुइट पाद्री जेरोम झेवियरच्या पत्रात मोठ्या दंडाची आणि तो वसूल करण्यासाठी झालेल्या छळाची माहिती येते. तापलेला तवा, अंगावर ओतलेली गरम वाळू, उकळते पाणी आणि अखेर रावी नदी हा शीख परंपरेतला क्रम, आणि दिवाण चंदूशाहचे वैर, हे नंतरच्या शीख लेखनातून आलेले आहे. राजकीय शिक्षा की धार्मिक छळ, असा वाद अभ्यासक घालतात; जहांगिराचा मजकूर वाचला की दोन्ही एकाच वाक्यात गुंतलेले दिसतात.

त्यांच्यामागून अकरा वर्षांचे हरगोबिंद गादीवर आले. त्यांनी मीरी (ऐहिक सत्ता) आणि पीरी (आध्यात्मिक सत्ता) अशा दोन तलवारी धारण केल्या व हरिमंदिरासमोर अकाल तख्त उभारले. लाहोरच्या किल्ल्याला लागून असलेला गुरुद्वारा डेरा साहिब हे गुरूंच्या मृत्यूचे ठिकाण मानले जाते. तेव्हा रावी तिथूनच वाहत होती.

तिथीचा घोळ

मूळ तिथी जेठ सुदी ४. २००३ च्या नानकशाही या शिखांच्या सौर कॅलेंडरने ती २ हाड़ (आषाढ), म्हणजे १६ जून, अशी कायमची नेमली. २०१० च्या दुरुस्तीनंतर शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी पुन्हा चांद्र तिथीवर आली. म्हणून २०२३ मध्ये हा दिवस २३ मे, २०२४ मध्ये १० जून आणि २०२५ मध्ये ३० मे असा सरकत गेला. पाकिस्तानातली प्रबंधक कमिटी मात्र १६ जूनच धरते. १९७४ च्या भारत-पाक करारानुसार या निमित्ताने जथ्याला (यात्रेकरूंच्या गटाला) वाघामार्गे लाहोरला जाण्याची तरतूद आहे, पण दोन्हीकडच्या तारखा जुळत नसल्या की व्हिसाच्या मुदतीवरून ओढाताण होते. सुखमनीचे चाळीस दिवस मोजताना गेल्या वर्षीची तारीख धरली तर हमखास चूक होते. त्या वर्षीची जंत्री बघूनच उलटे मोजावे. शेवटचा दिवस ३० मे असेल तर पहिला पाठ २१ एप्रिलला पडतो.

पाठ आणि कड़ाह प्रसाद

सुखमनी साहिब गउडी रागात आहे. तिच्या २४ अष्टपदी, प्रत्येकीआधी एक सलोक, प्रत्येकीत आठ पदे आणि प्रत्येक पदात दहा चरण. सावकाश पाठाला सव्वा ते दीड तास लागतो. हे चाळीस दिवस बहुतेक ठिकाणी स्त्रियांची सत्संग मंडळे चालवतात.

मुख्य दिवसाच्या दोन दिवस आधी अखंड पाठ, म्हणजे संपूर्ण ग्रंथाचे न थांबता वाचन, बसतो. १,४३० अंग (पृष्ठे) ४८ तासांत, म्हणजे तासाला सुमारे तीस. पाठी (वाचणारे) सहसा दोन-दोन तासांच्या पाळ्या करतात. नवा पाठी आधीच्याच्या सोबत ओळ धरून मगच जागा घेतो, नाही तर वाचन तुटते. शेवटच्या रात्री वेळ कमी उरला की वाचन धावू लागते, शब्द गिळले जातात. म्हणून दर सहा तासांनी कितवे अंग चालू आहे ते तपासणे बरे. पाठाशेजारी कुंभ, नारळ किंवा तुपाचा दिवा ठेवणे 'रहित मर्यादा' या शीख आचारसंहितेला मान्य नाही. मराठी घरातून आलेला सेवेकरी हे हौसेने मांडायला जातो, त्याला आधीच सांगावे. रोषणाई आणि आतषबाजी प्रकाश पुरबाला (गुरूंच्या जन्मदिनाला) असते. या दिवशी नसते.

कड़ाह प्रसादाला, म्हणजे गुरुद्वाऱ्यात वाटल्या जाणाऱ्या शिऱ्याला, कणीक, तूप आणि साखर वजनाने सारखे, पाणी साधारण चौपट. पाण्यात साखर विरघळवून ते उकळत ठेवायचे आणि दुसऱ्या कढईत कणीक तुपात बदामी होईपर्यंत परतायची. पाणी थंड असेल तर गुठळ्या होतात आणि कणीक पुढे गेली तर कडवटपणा झाकता येत नाही. अर्दास (सामूहिक प्रार्थना) झाल्यावर कृपाण फिरवून प्रसाद वाटतात, त्याआधी कोणी चाखत नाही.

छबील

रणरणत्या उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थंडगार गोड पेय पाजणे म्हणजे छबील, ही या दिवसाची सर्वांत ओळखीची रीत. तापल्या तव्याला थंडाव्याने उत्तर, आणि 'तेरा कीआ मीठा लागै' हा गुरूंचाच चरण छबीलीच्या फलकावर लिहिलेला असतो. पेय म्हणजे कच्ची लस्सी. तिच्यात दही नसते. शंभर लिटरसाठी दूध २० लिटर, पाणी ५० लिटर, बर्फ २५ किलो, साखर ८ किलो आणि गुलाबाच्या सरबताच्या तीन-चार बाटल्या. २०० मिलीचा पेला धरला तर पाचशे जणांना पुरते. बर्फ वितळणार हे पाण्याच्या मापात आधीच धरलेले आहे. ते विसरून आणखी पाणी घातले की तासाभराने नुसते गुलाबी पाणी उरते.

दूध आदल्या रात्री तापवून गार करून ठेवावे. कोमट दुधात सरबत ओतले तर त्यातल्या आम्लाने दूध फाटते, म्हणून आधी पाणी आणि सरबत एकत्र करावे, थंड दूध शेवटी घालावे. साखर बर्फाळ पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. थोड्या गरम पाण्यात पाक करून घ्यावा. बर्फ खाण्याचाच घ्यावा. मासळी आणि माल गार ठेवायला येणारा स्वस्त बर्फ घेतल्याने पोटे बिघडतात आणि दोष दुधाला लागतो. पिंप उन्हात ठेवले तर दुपारपर्यंत दूध नासते, म्हणून मोठ्या पिंपात एकदम कालवण्यापेक्षा वीस-वीस लिटरचे घाणे करणे सोयीचे.

वाटणाऱ्यांचे डोके झाकलेले असते. कोण कुठल्या जातीचा, धर्माचा हे विचारत नाहीत. स्टीलचे पेले वापरायचे तर धुण्यासाठी वाटणाऱ्यांइतकेच हात लागतात. ते हात नाहीत म्हणून बहुतेक जण प्लास्टिककडे वळतात, आणि संध्याकाळी रस्त्यावर पेल्यांचा खच पडतो. दुसरी चूक अधिक जीवघेणी आहे : उत्साही पोरे हमरस्त्यावर धावत्या गाड्यांसमोर आडवी येतात. मंडप वळणापासून लांब, गाडी बाजूला घेता येईल अशा जागी असावा आणि पेला गाडीच्या डाव्या खिडकीतून द्यावा.

महाराष्ट्रात नांदेड आणि मुंबईच्या गुरुद्वाऱ्यांबरोबर उल्हासनगर, पिंपरी इथल्या नानकपंथी सिंधी दरबारांतही सुखमनी वाचली जाते. सिंधी घरांत तर ती रोजच्या पाठातली आहे. तिथी जूनमध्ये आली की मुंबईकडे पाऊस लागलेला असतो. तेव्हा छबीलीवर ताडपत्री घालावी लागते आणि बर्फ निम्मा पुरतो.